निर्णयाची तारीख : कोल्हापूर फाउंड्री प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२४

प्रश्न पक्का झाला. पूर्वी फक्त कच्चं कास्टिंग (साच्यात ओतलेला, पण यंत्रावर कातून अचूक मापाला न आणलेला भाग) विकणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांनी स्वतःचं मशीन शॉप कधी आणि कशामुळे उभं केलं? व्यवसायधोरणाच्या अभ्यासात हा जुना विषय : काम घरात करायचं की बाहेरून करून घ्यायचं. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मध्ये त्याला तोंड फोडलं, ऑलिव्हर विल्यम्सन यांनी पुढे नेलं.

कोल्हापूरच का, तर इथे हा प्रश्न डोळ्यांनी दिसतो. कच्चं कास्टिंग किलोवर विकलं जातं, मशीनिंग केलेलं नगावर. पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना) ग्राहकाच्या मालकीचा, पण पडून असतो फाउंड्रीत. वाळूत ओलावा जास्त राहिला, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) नीट भाजला गेला नाही किंवा वाफ बाहेर पडायला वाट कमी पडली, की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, होतं. आणि ते बऱ्याचदा वरच्या कातडीखाली दडलेलं असतं. टूल फिरल्यावरच उघडं पडतं. मशीनिंग दुसरीकडे होत असेल तर नग परत येतोच, वर ग्राहकाच्या डेबिट नोटमध्ये (बिलातून वजावटीच्या कागदात) मशीनिंगची मजुरीही लागते. दोष फाउंड्रीचा की मशीनवाल्याच्या चुकीच्या क्लॅम्पिंगचा, हा वाद कधी मिटत नाही. मशीन शॉप घरात असेल तर दोष घरातच सापडतो, बोरिंग (कातताना निघालेला लोखंडी चुरा) पुन्हा भट्टीत जातं आणि वादाला दुसरी बाजूच उरत नाही. पुस्तकी उत्तर तयार आहे. ते खरं आहे का, आणि सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे का, हे पाहायचं.

क्षेत्र : शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. तुलनेसाठी बेळगावचं उद्यमबाग.

२४ जून २०२४

सीएमआयईच्या प्रोव्हेस या कंपन्यांच्या हिशेबांच्या डेटाबेसमधून फाउंड्री कंपन्यांचे २००० पासूनचे ताळेबंद उतरवले. उतरवायला एक दिवस लागला, साफ करायला दोन आठवडे. मालिकेत जिथे तुटी आहेत त्या इथे लिहून ठेवतो. दर वर्षी कोणीतरी नवीन माणूस त्याच खड्ड्यात पडतो.

पहिली, २०११. त्याआधी कंपनी कायदा १९५६ च्या परिशिष्ट सहानुसार कंपनीला स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष उत्पादन टनात द्यावं लागायचं. २०११-१२ पासून सुधारित परिशिष्ट आलं आणि ही सक्ती गेली. त्या वर्षानंतर रकाना रिकामा दिसतो. याचा अर्थ क्षमता शून्य झाली असा नाही. रिकाम्या जागी शून्य भरणारी आज्ञावली चालवली की अर्ध्या फाउंड्र्या बंद पडल्यासारख्या दिसतात.

दुसरी, १ एप्रिल २०१४. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट दोननुसार घसारा ठरावीक दराऐवजी यंत्राच्या उपयुक्त आयुष्यावर मोजायचा ठरला. त्या वर्षी जुन्या यंत्रांची निव्वळ किंमत अचानक घसरते. कोणी यंत्र विकलेलं नसतं.

तिसरी, इंड-एएस ही नवी लेखामानकं. ५०० कोटींहून अधिक नक्त मालमत्तेच्या कंपन्यांना २०१६-१७ पासून, त्याखालच्या काहींना पुढच्या वर्षापासून. बदलाच्या दिवशी जुनी निव्वळ किंमत हीच नवी मूळ किंमत धरायची मुभा होती. बहुतेकांनी ती घेतली. त्यामुळे एकूण स्थिर मालमत्तेचा आकडा एका रात्रीत निम्म्यावर येऊ शकतो. आपल्या यादीत अशा कंपन्या थोड्या आहेत, पण मोठ्या आहेत, म्हणून सरासरी त्याच ओढतात.

चौथी, ३० जून २०१७. तोपर्यंत इंड-एएसवाले उत्पादन शुल्क धरून विक्री दाखवत होते. जीएसटी विक्रीत धरला जात नाही. त्यामुळे २०१७-१८ ची पहिली तिमाही एका मापाची, उरलेल्या तीन दुसऱ्या मापाच्या.

मोजमाप : कच्च्या मालाचा खर्च भागिले विक्री. मशीनिंग घरात आलं की किलोमागे किंमत वाढते, लोखंड तेवढंच राहतं, म्हणून हे प्रमाण उतरायला हवं. अडचण एकच, पण मोठी : पिग आयर्न आणि भंगाराचे भाव हलले की हेच प्रमाण मशीन शॉपशिवायही हलतं. भाववाढ ग्राहकाकडून तिमाही उशिराने मिळते, त्यामुळे तेजीत ते फुगतं. वर्षनिहाय स्थिर परिणाम घेतल्याशिवाय (म्हणजे त्या वर्षी सगळ्यांनाच लागू झालेला बदल वजा केल्याशिवाय) हा आकडा कोणाला दाखवू नये.

९ जुलै २०२४

ज्या गोष्टीकडे आधी लक्ष जायला हवं होतं ती आज समोर आली. कोल्हापुरातल्या बऱ्याच फाउंड्र्या कंपन्याच नाहीत. भागीदारी संस्था किंवा एकट्याच्या मालकीची युनिटं आहेत. १९३२ च्या कायद्याखाली नोंदलेल्या भागीदारीचे हिशेब कोणालाही पाहायला मिळत नाहीत. म्हणजे डेटाबेसमध्ये दिसतात त्या फक्त कंपनी होण्याइतक्या वाढलेल्या. वाढलेल्यांनाच विचारून ‘वाढ कशाने होते’ हे सांगणं, ही या विषयातली सर्वांत स्वस्त चूक.

कंपन्यांसाठी एक चांगलं साधन आहे : कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचा तारण-निर्देशांक. बँकेने यंत्रावर कर्ज दिलं की कंपनी कायद्याच्या कलम ७७ नुसार तारणाची नोंद करावी लागते, मूळ मुदत ३० दिवस. निर्देशांक फुकट दिसतो. दस्तऐवज पाहायचे तर कंपनीमागे १०० रुपये, आणि एकदा उघडले की तीन तासांची खिडकी. म्हणून आधी निर्देशांकातून क्रमांक टिपून घ्यावेत, मग पैसे भरावेत, आणि लगेच सगळं उतरवून घ्यावं. फाइलच्या नावात कंपनी, वर्ष, नोंदीचा क्रमांक. संकेतस्थळ दुपारी रडतं. सकाळी आठच्या आत काम उरकतं.

यातली फसगत : नुसत्या निर्देशांकावरून कर्ज कशासाठी हे कळत नाही. खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवली तरी नोंद होते. सोबत जोडलेला करारनामा उघडून यंत्रांची अनुसूची वाचावी लागते. तिथे ‘व्हीएमसी, १ नग’ (व्हीएमसी म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) असं सापडलं तरच ती तारीख आपली.

२६ जुलै २०२४

पहिली फेरी पुढे ढकलली. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीवर आहे. ३९ फुटांना इशारा असतो. जुलै-ऑगस्टचं वेळापत्रक आखताना रोज तो आकडा पाहायचा, हवामानाचा अंदाज नव्हे. शिरोलीचा महामार्ग पाण्याखाली गेला की पुणे-कोल्हापूर संपर्क तुटतो, हे २०१९ आणि २०२१ मध्ये झालेलं आहे.

मोकळा वेळ संमतीपत्रावर गेला. नीतिसमितीने इंग्रजी मसुदा मंजूर केला, पण ज्याची सही घ्यायची त्याला तो वाचता येणार नसेल तर ती संमती कसली? मराठी मसुदा एका पानात बसवला : कोण विचारतंय, कशासाठी, रेकॉर्डिंग होणार का, नको असेल तर काय, मधेच थांबवता येतं, कोणाला फोन करायचा. शब्दशः भाषांतरात ‘तुमचा सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा आहे’ असं होतं, आणि वाचणारा ते न्यायालयाचा कागद समजून बाजूला ठेवतो. ‘उत्तर द्यायलाच हवं असं नाही’ पुरतं.

गुप्ततेचं वचन जपून द्यायचं. ‘कंपनी क-७’ असं लिहून भागत नाही. ‘१९९० च्या दशकात ट्रॅक्टरचं हाउसिंग ओतणारी, पंचतारांकितमध्ये दोन हॉरिझॉन्टल सेंटर असलेली’ एवढं वाचून शिरोलीतला कोणीही चहावाला नाव सांगेल. नियम : भाग, ग्राहकाचं क्षेत्र आणि यंत्राचा प्रकार यांतली एकच गोष्ट एका वाक्यात.

२० ऑगस्ट २०२४

पहिली फेरी, दिवस पहिला. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र प्रवासात काढून सकाळी उतरता येतं, राहण्याची एक रात्र वाचते. पुण्याहून एसटी पाच तास धरावी. सातारा-कागल सहापदरीकरणामुळे त्यावर एक तास ठेवावा. शहरातून शिरोली उत्तरेला, गोकुळ शिरगाव दक्षिणेला. एका दिवसात दोन्हीकडच्या भेटी ठरवू नयेत. मालक अर्धा तास थांबवतोच, मग दुसरीकडची वेळ चुकते, आणि इथे सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत : चुकलेली वेळ दुपारपर्यंत सगळ्यांना कळते.

साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं गृहीत धरू नये, फोनवर विचारावं. यंदा, २०२४ मध्ये, रात्री १० ते सकाळी ६ विजेचा दर सवलतीचा असल्याने बऱ्याच ठिकाणी भट्टी रात्री पेटते. मेल्टिंग पाहायचं तर रात्री जावं. मालकाशी बोलायचं तर साडेअकरानंतर, डिस्पॅचच्या आधी. दुपारी चारनंतर गाड्या भरायला लागतात आणि मुलाखत फोनच्या मधल्या फटींतून चालते.

सोबत : सेफ्टी शूज (चप्पल घातलेल्याला शॉप फ्लोअरवर कोणी नेत नाही, नेलं तर जाऊ नये), सुती शर्ट, दोन रेकॉर्डर, जादा सेल, संमतीपत्राच्या छापील प्रती, संस्थेचं पत्र शिक्क्यासह. रेकॉर्डर एक टेबलावर, एक खिशात. शॉट ब्लास्टिंग चालू असेल तर टेबलावरचा निकामी. ऑफिसचं दार बंद करून घेण्याची विनंती सुरुवातीलाच करावी, मधे केली तर बोलणं तुटतं.

प्रश्नांचा क्रम आज बदलला. ‘मशीन शॉप का टाकलं?’ असं विचारलं की ठरलेली दोनच उत्तरं येतात. एक : ‘क्वालिटीसाठी.’ दुसरं : ‘कस्टमरची डिमांड.’ दोन्ही खोटी नाहीत, पण दोन्हींतून काही कळत नाही. त्यामुळे ‘का’ शेवटी ढकललं. आता सुरुवात अशी :
पहिलं मशीन कोणतं, नवं की जुनं?
ते कुठल्या शेडमध्ये ठेवलं?
त्यावर पहिला कोणता भाग लागला?
तो भाग आधी कोण मशीनिंग करून द्यायचं, आणि त्याचं नंतर काय झालं?
चालवणारा माणूस कुठून आला?

शेवटच्या दोन प्रश्नांना माणसं आपोआप ‘का’ सांगून जातात.

२३ ऑगस्ट २०२४

फेरी संपली. शब्दांची वही वेगळी केली, कारण आपल्या संकल्पना इथे आधीच मराठीत आहेत आणि अधिक नेमक्या आहेत. एकाने दुसऱ्याची गरज ओळखून भाव वाढवून धरणे यासाठी सिद्धान्तात लांबलचक व्याख्या आहे; शिरोलीत तिला अडवणूक म्हणतात. अनुभवातून आलेलं, लिहून न देता येणारं कौशल्य म्हणजे ‘हात बसणं’. ‘नव्या ऑपरेटरचा हात बसायला तीन महिने गेले’ या एका वाक्यात क्षमता-विकासाचं अर्धं प्रकरण आहे. ‘पार्टी’ म्हणजे ग्राहक. ‘घरात’ म्हणजे कधी आपल्या कंपनीत, कधी भावाच्या, कधी मेहुण्याच्या.

हा ‘घरात’ जपून ठेवायला हवा. आज तीनदा कानावर आला आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा होता.

१४ सप्टेंबर २०२४

एक तासाच्या ध्वनिमुद्रणाला पाच ते सहा तास लिहायला लागतात. स्वयंचलित लिप्यंतर करून पाहिलं : स्वच्छ मराठीत ठीक, पण मराठी वाक्यात ‘रनर-रायझर’, ‘फेटलिंग’, ‘इनॉक्युलंट’ आले की कोसळतं. कोल्हापुरी क्रियापदंही त्याला झेपत नाहीत. दुरुस्तीला लागणारा वेळ हाताने लिहिण्याइतकाच, म्हणून सोडलं.

संकेतन (उताऱ्यांना विषयवार खुणा लावणं) मराठी मजकुरावरच करायचं, इंग्रजी भाषांतरावर नाही. भाषांतर फक्त लेखात वापरायच्या उताऱ्यांचं. आधी भाषांतर केलं तर ‘पार्टीने अडवलं’ आणि ‘पार्टी अडली’ हे दोन्ही एकाच खान्यात पडतात. पहिल्यात ग्राहकाचं वजन आहे, दुसऱ्यात फाउंड्रीचं.

आणखी एक. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३-बी(एच) मुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्चात धरता येतात. २०२३-२४ पासून लागू. यंदा सगळ्यांच्या डोक्यात तेच आहे. त्यामुळे २००९ सालच्या निर्णयाचं कारण विचारलं तरी उत्तरात थकलेली बिलं येतात. आजची नड जुन्या निर्णयाला कारण म्हणून चिकटते. असे उतारे वेगळ्या रंगाने खुणावले.

८ ऑक्टोबर २०२४

तारखा लावण्याचं काम. माणसाला वर्ष आठवत नाही, प्रसंग आठवतो. म्हणून ‘कोणत्या साली’ऐवजी ‘नोटाबंदीच्या आधी की नंतर’, ‘जीएसटी लागला तेव्हा मशीन होतं का’, ‘लॉकडाउनमध्ये हप्ते चालू होते का’. फक्त ‘पुराच्या आधी’ असं विचारू नये. इथे २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर आहेत आणि प्रत्येकाच्या मनातला ‘तो पूर’ त्याच्या शेडमध्ये पाणी शिरलेला असतो.

सगळ्यांत भरवशाचा पुरावा अनपेक्षित जागी मिळाला : पूजेचे फोटो. नवं मशीन आलं की नारळ फुटतो, फोटो निघतो, फ्रेम होऊन ऑफिसच्या भिंतीवर लागतो. जुन्या फोटोंच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याची केशरी तारीख असते. बसवणी उरकली तरी पूजा बऱ्याचदा दसऱ्यासाठी किंवा पाडव्यासाठी थांबवतात, म्हणून फोटोची तारीख ही सुरुवातीची वरची मर्यादा धरायची, नेमकी तारीख नव्हे. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं; फोटोत मागे भिंतीवर कॅलेंडर दिसत असेल तर ताडून पाहावं. शुक्रवारी खंडेनवमी. शुक्रवारच्या भेटी ठेवल्या नाहीत. त्या दिवशी पेढे मिळतात, माहिती नाही.

इतर कागद, भरवशाच्या उतरत्या क्रमाने : महावितरणचं वाढीव भार मंजुरीचं पत्र, यंत्राची खरेदी-ऑर्डर, जॉबवर्कची (बाहेरून करून घेतलेल्या कामाची) चलनं. चलनं दुर्लक्षित आहेत. बाहेर मशीनिंगला पाठवलेला माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार एका वर्षात परत यायला हवा, त्यामुळे २०१७ नंतर लोक चलनांची फाइल नीट ठेवतात. एखाद्या भागाची चलनं ज्या महिन्यात थांबतात, त्या महिन्यात तो भाग घरात आला. फाइल मागताना दर झाकायला आपणच सांगावं, मग देतात.

२८ ऑक्टोबर २०२४

दिवाळी. मोल्डिंगवरचे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगार गावी जातात, छठ उरकून परततात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत क्षेत्रभेट नाही.

१९ नोव्हेंबर २०२४

पहिला आलेख निघाला आणि बिघडलेला निघाला. मशीन शॉप ज्या वर्षी ताळेबंदात मालमत्ता म्हणून आलं ते शून्य वर्ष धरलं. कच्च्या मालाचं प्रमाण शून्यानंतर उतरायला हवं. ते उणे दोनपासूनच, म्हणजे दोन वर्षं आधीपासूनच, उतरतंय. परिणाम कारणाच्या आधी.

अशा वेळी दोन मोह होतात. एक, ‘आगाऊ तयारीचा परिणाम’ असं सुंदर नाव देऊन पुढे जायचं. दुसरा, उणे दोन वर्ष आलेखातून कापायचं. दोन्ही नकोत. आधी जंत्री तपासली : प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या वर्षी बदलते, तेव्हा साध्या दुहेरी (कंपनी आणि वर्ष अशा दोन्ही) स्थिर परिणामाच्या गणितात आधी बदललेल्या कंपन्याच नंतरच्यांसाठी तुलनेचा गट होऊन बसतात आणि उत्तर वाकडं येतं. गुडमन-बेकन यांनी हे फोडून दाखवलं आहे. कॅलवे आणि सांतआना यांच्या पद्धतीने, अजून न बदललेल्या कंपन्यांशीच तुलना करून पुन्हा चालवलं. उतार थोडा कमी झाला, गेला नाही.

म्हणजे दोष गणितात नाही. तारखेत आहे.

३ डिसेंबर २०२४

बेळगाव. कोल्हापूरहून सुमारे ११० किलोमीटर, एसटी किंवा कर्नाटकची गाडी, अडीच तास. उद्यमबागेत मुलाखती मराठीत होतात, कागद कन्नड आणि इंग्रजीत. वीज, अनुदान, प्रदूषण मंडळ सगळं वेगळ्या राज्याचं. उद्योग आणि ग्राहक मात्र सारखे. तुलनेला यापेक्षा चांगली जागा शोधूनही मिळणार नाही.

तारखेचं कोडं इथेच सुटायला लागलं, आणि उत्तर ‘घरात’ या शब्दात होतं. कंपनीच्या ताळेबंदात मशीन शॉप उशिरा येतं, कारण आधी ते दुसऱ्या नावाखाली चालतं. धाकट्या भावाची किंवा पत्नीची भागीदारी संस्था, शेजारची भाड्याची शेड, दोन जुनी सीएनसी (संगणकावर चालणारी) यंत्रं. काम फक्त या फाउंड्रीचं. काही वर्षांनी धंदा बसला की ते कंपनीत सामावून घेतात किंवा नवं यंत्र कंपनीच्या नावाने येतं, आणि तेव्हाच आपल्या डेटाबेसला जाग येते.

वेगळं नाव कशासाठी, याची कारणं मिसळलेली आहेत : अनुदानासाठी नवीन युनिट लागतं, वाटणीची तयारी असते, बँकेची मर्यादा भरलेली असते, बुडालं तर फाउंड्रीला झळ नको असते. यांतलं एकही कारण अडवणुकीचं नाही. निर्णय घेणारं घर आणि ताळेबंद असलेली कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दुसरीची सीमा मोजून पहिलीबद्दल बोलत होतो.

सुदैवाने याचाही माग कागदावर राहतो. ताळेबंदाच्या टिपांत संबंधित पक्षांचे व्यवहार द्यावे लागतात : जुन्या मानकांत एएस १८, नव्यात इंड-एएस २४. तिथे ‘जॉबवर्क खर्च’ आणि समोर संचालकाचे हितसंबंध असलेली संस्था, अशी ओळ ज्या वर्षी पहिल्यांदा उगवते, ते शून्य वर्ष. डेटाबेसमध्ये ही टीप धड येत नाही. मूळ पीडीएफ उघडून हाताने वाचाव्या लागतात. स्कॅन वाकडे, शिक्के आकड्यांवर. दोघांनी स्वतंत्र वाचायच्या, जुळलं नाही तर तिसऱ्याने. टीप नाही म्हणजे व्यवहार नाही असं मात्र धरू नये. तिथे मुलाखत आणि चलनं हाच आधार.

२१ डिसेंबर २०२४

नव्या तारखांनी आलेख पुन्हा काढला. उणे दोनचा उतार सपाट झाला, आणि परिणाम जिथे असायला हवा तिथे सरकला. आकार लहान झाला, होणारच होता.

या विषयातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच दुखण्याने आजारी आहे. जनरल मोटर्सने फिशर बॉडी ही गाड्यांच्या बॉडी करणारी कंपनी १९२६ मध्ये पूर्ण विकत घेतली. अडवणुकीला कंटाळून घेतली असं १९७८ पासून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २००० मध्ये खुद्द कोझ आणि आणखी काही जणांनी जुने कागद उघडले. १९१९ पासूनच ६० टक्के हिस्सा जनरल मोटर्सकडे होता आणि अडवणुकीच्या गोष्टीला कागदांत फारसा आधार नव्हता. वाद अजून चालू आहे. पण बावीस वर्षं ती गोष्ट तशीच चालत राहिली, हे शिकाऊ संशोधकाने भिंतीवर चिकटवून ठेवावं.

६ जानेवारी २०२५

अकॅडमी ऑफ मॅनेजमेंटच्या वार्षिक परिषदेसाठी निबंध पाठवला, धोरण विभागाकडे. मर्यादा ४० पानं, आकृत्या आणि तक्ते धरून. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने मोजतात. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून दुसरा दिवस लागलेला असतो, आणि शेवटच्या तासात संकेतस्थळ गुदमरतं. लेखकाचं नाव पानावरून काढलं तरी पीडीएफच्या गुणधर्मांत राहतं. ते पुसलं. तळटीपेतलं ‘आमच्या संस्थेच्या नीतिसमितीने’ हेही ओळख देणारं, तेही काढलं.

१६ मे २०२५

निबंध स्वीकारला गेला आहे. परिषद २५ ते २९ जुलै, कोपनहेगन. उत्तर अमेरिकेबाहेर ही परिषद पहिल्यांदाच होतेय, त्यामुळे यंदा सगळ्यांचे व्हिसा शेंगेनचे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो, किमान १५ दिवस आधी हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस, शंका आल्यास ४५ पर्यंत. उन्हाळ्यात मुंबईच्या केंद्रात भेटीची वेळच दोन-तीन आठवडे मिळत नाही, म्हणून तिकिटाआधी वेळ घ्यावी. शुल्क ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, शेंगेन लिहिलेला. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी.

नावाचा घोळ मराठी माणसाला हमखास : पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, परिषदेच्या संकेतस्थळावर मधलं नाव गळतं, संस्थेच्या पत्रावर आडनाव आधी येतं. तिन्ही कागद पासपोर्टप्रमाणे करून घ्यावेत. अर्जातल्या तारखा परिषदेच्या नसून प्रवासाच्या हव्यात, पुढेमागे एकेक दिवस जास्त.

तिकीट सरकारी निधीतून असेल तर बाल्मर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच. दुसरीकडे हजार रुपये स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, तर पूर्ण रक्कम अडकते.

२७ जुलै २०२५

सादरीकरण झालं. बारा मिनिटांत शिरोलीची शेड, घर आणि ताळेबंद हे तिन्ही बसवायचे तर सिद्धान्त दोन स्लाइडांत उरकावा लागतो. कातडीखालचं ब्लोहोल आणि टूलने उघडं पडलेलं ब्लोहोल, असे दोन फोटो पहिल्याच स्लाइडवर ठेवले. ज्यांनी फाउंड्री पाहिलेली नाही त्यांना त्यानंतर वेगळं समजावावं लागलं नाही.

आलेले प्रश्न, उपयोगाच्या क्रमाने : कुटुंबाची सीमा कोणी ठरवायची, संशोधकाने की मालकाने? मेहुणा आत की बाहेर? भावाची संस्था इतर फाउंड्र्यांचंही काम घेऊ लागली तर ती अजून ‘घरात’ धरायची का? तिसऱ्याला आपल्याकडे उत्तर नाही, आणि चलनांच्या फायलींत ते आहे.

व्यवहाराचं : डेन्मार्क शेंगेनमध्ये आहे, पण चलन क्रोन. युरोच्या नोटा नेऊन उपयोग नाही. कार्ड सगळीकडे चालतं. विमानतळावरून मेट्रो थेट शहरात. भारताशी साडेतीन तासांचा फरक, त्यामुळे कोल्हापूरला फोन करायचा तर कोपनहेगनच्या सकाळी आठला.

११ ऑगस्ट २०२५

हिशेब जमा. बोर्डिंग पास मूळ, चारही. एसटीची तिकिटं थर्मल कागदाची असतात, दोन-तीन महिन्यांत कोरी होतात. गेल्या ऑगस्टची सगळी कोरी झाली आहेत. छायाप्रती त्याच आठवड्यात काढलेल्या होत्या, त्यावर भागलं. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) सरकारी वित्तीय नियमांच्या जीएफआर १२-अ नमुन्यात, शिल्लक रकमेवरच्या व्याजासह.

पुढच्या फेरीसाठी यादी : ज्या भावांच्या संस्था आता बाहेरचंही काम घेतात त्यांची चलनं, ग्राहकनिहाय नव्हे, महिनानिहाय. पंचगंगा आज इशारा पातळीच्या खाली आहे. गणपतीच्या आधी जमलं तर गोकुळ शिरगाव, नाहीतर दसऱ्यानंतर.